बोटीवरचं सोलर चार्जिंग आणि बॅटरीचा ताप

कोकण किनाऱ्यावर मासेमारीच्या बोटींच्या केबिनवर आता सोलर प्लेट दिसू लागल्या आहेत. इंजिन बंद असताना वायरलेस, जीपीएस, फिश फाइंडर आणि रात्रीचे दिवे चालतात ते बॅटरीवर, त्यामुळे दिवसा उन्हावर बॅटरी भरली तर ते हवंच असतं. प्लेट किती वॅटची घ्यावी, कंट्रोलर कोणत्या कंपनीचा घ्यावा याची चौकशी प्रत्येक जण करतो. बॅटरी किती तापते हे मात्र फारसं कोणी विचारत नाही. आपल्या किनाऱ्यावर बॅटरी दोन वर्षं टिकणार की चार, हे बऱ्याच अंशी याच प्रश्नावर ठरतं. बॅटरीचं तापमान मोजून कंट्रोलरला कळवणारा छोटा सेन्सर मिळतो, पण त्याच्याबद्दल समजुतीपेक्षा गैरसमज जास्त आहेत.

गैरसमज : सेन्सर लावला की चार्जिंग वाढतं.

कोकणात तो बहुतेक वेळा चार्जिंगचा व्होल्टेज कमी करतो, आणि तेच त्याचं खरं काम आहे. लेड-अॅसिड बॅटरीच्या माहितीपत्रकात चार्जिंगचे जे आकडे छापलेले असतात, ते साधारण २५ अंश सेल्सिअस तापमानाचे असतात. १२ व्होल्टच्या बॅटरीला त्या तापमानाला १४.४ व्होल्ट योग्य असेल, तर तापमान एक अंशाने वाढल्यावर सुमारे २४ मिलीव्होल्ट कमी करावे लागतात. कंपनीनुसार हा आकडा १६ पासून ३० पर्यंत बदलतो. एप्रिल-मे महिन्यांत इंजिनाशेजारी ठेवलेली बॅटरी ४५ अंशांवर गेली, तर फरक २० अंशांचा झाला. म्हणजे जवळपास अर्धा व्होल्ट कमी करून १३.९ वर थांबायला हवं. सेन्सर नसलेला कंट्रोलर मात्र १४.४ व्होल्टच देत राहतो.

अर्धा व्होल्ट ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण बॅटरीच्या आत त्याने काय होतं ते पाहा. तापमान वाढलं की रासायनिक क्रिया वेगाने होते आणि तेवढ्याच व्होल्टेजला बॅटरी जास्त करंट ओढते. बॅटरी भरत आलेली असेल, तर हा जादा करंट साठत नाही. तो आतल्या पाण्याचं विघटन करून हायड्रोजन आणि ऑक्सिजन तयार करतो. हिशेब सरळ आहे. भरलेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीत २ अँपिअर करंट ५ तास वाया गेला, तर सहा सेल मिळून सुमारे २० मिलिलिटर पाणी उडतं आणि २५ लिटरच्या आसपास हायड्रोजन बाहेर पडतो. हे एका दिवसाचं झालं. डिस्टिल्ड वॉटर महिनाभर टिकत नाही, प्लेटा उघड्या पडतात, बॅटरी बसते आणि खापर फुटतं बॅटरीच्या कंपनीवर. शिवाय हवेत ४ टक्के हायड्रोजन मिसळला तरी तो पेट घेऊ शकतो. बंद इंजिन रूममध्ये बॅटरी ठेवणाऱ्याने हा आकडा कधीच विसरू नये.

‘मेंटेनन्स फ्री’ सीलबंद बॅटरीत परिस्थिती आणखी बिकट होते, कारण गेलेलं पाणी परत भरताच येत नाही. बॅटरी तापते म्हणून करंट वाढतो, करंट वाढतो म्हणून ती आणखी तापते. हे चक्र हाताबाहेर गेलं की बॅटरीच्या बाजू फुगतात. फुगलेली बॅटरी पुन्हा ठीक होत नाही, ती बदलावीच लागते.

गैरसमज : हे थंड देशांचं खूळ आहे. आपल्याकडे कुठे बर्फ पडतो?

सेन्सरची गरज थंडीत असते हे खरं. गार बॅटरी चार्ज घ्यायला कुरकुरते, तिला जास्त व्होल्टेज लागतो, आणि तो नाही मिळाला तर ती अर्धवट भरलेली राहून आतल्या प्लेटांवर सल्फेटचा कडक थर बसतो. पण २५ अंशांच्या वर जाणाऱ्याला सेन्सर तितकाच लागतो आणि आपण वर्षातले बहुतेक दिवस वरच असतो. तापमान सतत दहा अंशांनी जास्त राहिलं तर लेड-अॅसिड बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा या धंद्यातला जुना आडाखा आहे. सेन्सर बॅटरी थंड करत नाही, त्यामुळे हे सगळं नुकसान तो टाळू शकत नाही. तापलेल्या बॅटरीवर जादा चार्जिंगचा दुसरा मार बसू नये, एवढं तो पाहतो.

गैरसमज : कंट्रोलरच्या आत सेन्सर असतोच, वेगळा कशाला?

हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बऱ्याच कंट्रोलरमध्ये आत सेन्सर असतो हे खरं आहे. पण तो कंट्रोलरचं तापमान मोजतो. कंट्रोलर केबिनमध्ये वारा लागेल अशा जागी आणि बॅटरी खाली इंजिनापाशी असेल, तर कंट्रोलरला वाटतं ३२ अंश, प्रत्यक्षात बॅटरी ४५ वर. याच्या उलटही होतं. भर दुपारी पूर्ण करंट वाहत असताना कंट्रोलर स्वतःच तापतो, आणि बॅटरी सावलीत थंड असूनही तो व्होल्टेज उगाच कमी करून तिला उपाशी ठेवतो.

हवेच्या तापमानावरूनही अंदाज चालत नाही. १०० अँपिअर-अवरची लेड बॅटरी २५ ते ३० किलोची असते. एवढं शिसं आणि अॅसिड तापायलाही तासन्‌तास लागतात आणि निवायलाही. रात्रभर जाळं ओढून पहाटे बोट बंदराला लागते, इंजिन बंद होतं, वारा सुटतो, केबिनमध्ये गार वाटतं. बॅटरी तेव्हाही तापलेलीच असते, आणि थोड्याच वेळात प्लेटवर ऊन येऊन चार्जिंग सुरू होतं.

म्हणून सेन्सर बॅटरीलाच चिकटलेला हवा. बाजारात दोन प्रकार मिळतात. एकाला गोल लग असतो, तो निगेटिव्ह टर्मिनलच्या बोल्टखाली बसतो. दुसरा छोट्या मण्यासारखा असतो, तो बॅटरीच्या बाजूला टेपने चिकटवतात. दुसरा लावताना जागा नीट निवडा. बॅटरीच्या उंचीच्या मध्यावर किंवा किंचित खाली, म्हणजे आत अॅसिड आहे त्या पातळीवर तो बसवा. वरच्या झाकणाला चिकटवलात तर तो मोकळ्या हवेचं तापमान सांगेल. दोन-तीन बॅटऱ्या ओळीत असतील, तर मधली निवडा, कारण तीच सर्वात जास्त तापते. लावण्याआधी जागा पुसून कोरडी करा आणि वरून फोमचा तुकडा दाबून बसवा, म्हणजे इंजिनाची गरम हवा थेट त्याच्यावर येणार नाही.

वायर बारीक असली तरी चालते, कारण तिच्यातून नाममात्र करंट जातो. खाऱ्या हवेत सांधा मात्र लवकर गंजतो, म्हणून जोडाला हीट-श्रिंक स्लीव्ह घाला. सेन्सर जिवंत आहे का हे मल्टिमीटरने तपासता येतं. बऱ्याच कंट्रोलरसोबत येणाऱ्या सेन्सरचा रोध २५ अंशांना १० हजार ओहम असतो आणि तापमान वाढलं की तो कमी होतो. ४५ अंशांना तो साडेचार हजारांच्या आत-बाहेर येतो. ही तपासणी करायलाच हवी, कारण वायर तुटली तर पुष्कळ कंट्रोलर गुपचूप २५ अंश धरून काम करत राहतात. कंट्रोलरच्या पडद्यावर बॅटरीचं तापमान महिनोन्‌महिने २५ च दिसत असेल, तर संशय घ्या.

गैरसमज : हात लावला की कळतंच बॅटरी तापली का ते.

हाताला चटका बसेपर्यंत उशीर झालेला असतो. आणि फक्त एकच टर्मिनल गरम लागत असेल, तर ती बॅटरीची उष्णता नव्हे. नट सैल आहे किंवा टर्मिनलवर पांढरट-हिरवा थर साचला आहे. तो आधी साफ करा. अशा टर्मिनलवर लग असलेला सेन्सर बसवला, तर तोही चुकीचाच आकडा देईल.

गैरसमज : लिथियम बॅटरी घेतली की तापमानाची कटकट संपली.

केरळात वैकम ते तवणक्कडवू मार्गावर ‘आदित्य’ ही ७५ प्रवाशांची सौर फेरीबोट जानेवारी २०१७ पासून लिथियम बॅटरीवर चालते, त्यामुळे लिथियमचं आकर्षण साहजिक आहे. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीला तापमानानुसार व्होल्टेज बदलायचा नसतो, ती सोय कंट्रोलरमध्ये बंद ठेवायची असते. लेड बॅटरीची सेटिंग तशीच ठेवून लिथियम जोडणं ही नेहमी होणारी चूक आहे. सेन्सर मात्र तिथेही लागतो, पण मर्यादा पाळण्यासाठी. शून्य अंशाखाली ही बॅटरी चार्ज केली तर तिचं कायमचं नुकसान होतं. युरोपात राहून तिथे छोटी शिडाची बोट बाळगणाऱ्या मराठी माणसाला हिवाळ्यात हे लक्षात ठेवावंच लागेल. कोकणात वरची मर्यादा सांभाळायची. ती प्रत्येक कंपनीची वेगळी असते, म्हणून माहितीपत्रक वाचा.

गैरसमज : सोलरला सेन्सर लावला, आता बॅटरी सुरक्षित.

सेन्सर फक्त सोलर कंट्रोलरला सांगतो. इंजिन चालू असताना बॅटरी भरतो तो डायनामो, आणि त्याच्या रेग्युलेटरला या सेन्सरची खबरही नसते. इंजिनावरचा व्होल्टेज वेगळा मोजून घ्या. तसंच प्लेटपासून बॅटरीपर्यंतची वायर बारीक असेल, तर वाटेतच व्होल्टेज पडतो, तेही दुखणं सेन्सरने बरं होत नाही.

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै, असे ६१ दिवस मासेमारी बंद असते. बोट शाकारून ठेवलेली असते, हाताशी वेळ असतो. त्या दिवसांत इलेक्ट्रिशियनला बोलावून बॅटरीच्या बाजूला सेन्सर बसवून घ्या, कंट्रोलरमध्ये बॅटरीचा योग्य प्रकार निवडा, आणि जमलं तर बॅटरी इंजिनापासून दूर हलवा. प्लेट आणि बॅटरीच्या किमतीपुढे सेन्सरचा खर्च किरकोळ आहे. १ ऑगस्टला बोट पाण्यात लोटण्याआधी एवढं काम नक्की करा.