गर्दीचं गणित : भाग ५ – मोर्चा मोठा कोणता?

मागच्या भागात आपण मैदानातली सभा मोजली. क्षेत्रफळ गुणिले दाटी, एवढाच तो हिशेब. शिवाजी पार्क सुमारे २८ एकरांचं, म्हणजे अंदाजे १ लाख १३ हजार चौरस मीटर. तिथे ‘दहा लाखांची विराट सभा’ झाली असं कुणी छातीठोकपणे सांगितलं, तर दर चौरस मीटरला जवळपास नऊ माणसं उभी करावी लागतील. पाच-सहालाच चेंगराचेंगरीची धास्ती असते.

मोर्चा मात्र चालता असतो. दहा मीटर रुंदीचा रस्ता, दर चौरस मीटरला एक माणूस आणि ताशी तीन किलोमीटर चाल धरली, तर एका ठिकाणाहून तासाला तीस हजार माणसं पुढे जातात. त्यामुळे इथे रस्त्याच्या लांबीइतकंच घड्याळही महत्त्वाचं. पाच वाजता रस्त्यावर किती माणसं होती आणि दिवसभरात किती येऊन गेली, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

हाँगकाँगमध्ये २०१९ साली प्रत्यार्पण विधेयकाविरुद्ध निघालेल्या मोर्चांचे आकडे पाहा. ९ जूनला आयोजक म्हणाले १० लाख ३० हजार, पोलीस म्हणाले २ लाख ४० हजार. १६ जूनला आयोजकांचा आकडा जवळपास २० लाख, पोलिसांचा ३ लाख ३८ हजार. आयोजकांचा हात सढळ असतो, पोलिसांचा आखडता, हे झालंच. पण पोलीस गर्दी ऐन भरात असतानाची संख्या सांगत होते, आयोजक दिवसभराची.

आता तुलना करू. आयोजकांच्या मते दुसरा मोर्चा जवळपास दुप्पट, पोलिसांच्या मते सुमारे १.४ पट. किती वाढला यावर वाद, पण वाढला यावर दोघांचं एकमत! मात्र पहिल्या मोर्चाला आयोजकांचा आणि दुसऱ्याला पोलिसांचा आकडा लावला, तर आंदोलन आठवड्याभरात एक तृतीयांशावर आलं असं ‘सिद्ध’ होतं. दोन्ही आकडे जाहीर झालेले, तरी निष्कर्ष साफ खोटा.

१ जुलैच्या मोर्चात संशोधकांनी दोन पादचारी पुलांवर सात आयपॅड लावून खालून जाणारी माणसं संगणकाकडून मोजून घेतली. त्यांचा अंदाज निघाला २ लाख ६५ हजार. आयोजकांचा दावा साडेपाच लाखांचा, पोलिसांचा १ लाख ९० हजारांचा. अर्थात अधल्यामधल्या गल्लीतून शिरणारे आणि पुलाआधीच घरी वळणारे कॅमेऱ्याला दिसत नाहीत. त्यासाठी मोर्चेकऱ्यांना विचारून जोडबेरीज करावी लागते.

म्हणून दोन मोर्चांची तुलना वाचताना तीन गोष्टी तपासाव्यात: मोजणारा एकच आहे का, पद्धत एकच आहे का, आणि आकडा एका क्षणाचा की दिवसभराचा. तिन्हींची उत्तरं बातमीत नसतील, तर ‘त्याच्यापेक्षा हा मोठा’ हे मथळ्यातलं वाक्य बाजूला ठेवावं.

(पुढील भागात : उंचावरून काढलेला फोटो कसा वाचावा?)