मुलांना हात धुवायला शिकवू या

आपलं मूल दुपारी शाळेतच जेवतं. सरकारी शाळांत मुलांना शिजवलेलं जेवण द्यावं, असा हुकूम सुप्रीम कोर्टानं २००१ साली दिला. त्यानंतर गावोगावच्या शाळांत खिचडी शिजू लागली. ही फार चांगली गोष्ट झाली. पण हात घाण असतील, तर खिचडीबरोबर घाणही पोटात जाते.

मूल मातीत खेळतं, परसाकडे जाऊन येतं. विष्ठेतले रोगजंतू हाताला चिकटतात. हातावरून ते तोंडात जातात. मग हगवण लागते, जंत होतात. हगवणीनं अंगातलं पाणी जातं. लहान मूल त्यानं दगावतंसुद्धा.

"हात धू रे," असं आपण रोज सांगतो. मूल हात बघतं. हात तर स्वच्छ दिसतात! मग ते बोटं पाण्यात बुडवतं आणि पळतं. यात मुलाचं काय चुकलं? जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून नुसतं सांगू नये, करून दाखवावं.

त्याची एक सोपी युक्ती आहे. मुलाच्या हाताला थोडं गोडं तेल लावा. चुलीवरच्या तव्याच्या बुडाची काजळी त्यावर चोळा. आता म्हणा, "नुसत्या पाण्यानं धू बरं." काजळी निघत नाही. मग साबण द्या. साबणानं तेल सुटतं आणि तेलाबरोबर काजळीही वाहून जाते. तरी काळं कुठं राहिलं, ते मुलालाच शोधू द्या. नखांत राहिलं, बोटांच्या बेचक्यांत राहिलं, अंगठ्याला राहिलं! सांगा, "जंतूही असेच तिथं लपतात."

मग रीत शिकवा. हात ओले करून साबण लावावा. तळवे, हातांच्या पाठी, बेचक्या, अंगठे, नखं, सगळं चोळावं. चोळताना एक ते वीस अंक सावकाश म्हणावे. शेवटी वरून पाणी ओतून हात धुवावे. एकाच बादलीत सगळ्यांनी हात बुडवू नयेत. एकाची घाण दुसऱ्याला लागते. मातीनं हात घासू नयेत. मातीत जंतांची अंडी असतात. जेवणाआधी आणि परसाकडून आल्यावर, या दोन वेळा कधी चुकवू नयेत.

शाळेत साबणच नसेल, तर शिकवलेलं वाया जातं. नळापाशी साबण आहे का, ते जाऊन बघा. वडी जाळीच्या पिशवीत घालून टांगली, तर हरवत नाही. साबण नसेल, तर शाळा व्यवस्थापन समितीत विचारा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत चारांत तीन सभासद पालकच असतात. तेव्हा विचारायला भ्यायचं कारण नाही.

आणि घरी? ताटावर बसण्याआधी आई-बाप हात धुतात का, हे मूल रोज बघत असतं. आधी आपण साबण हातात घ्यावा. मग पोराला सांगावं.