मोट, नाडा आणि उतरती धाव (लेखांक ७)

मागच्या आठवड्यात बल म्हणजे काय ते पाहिलं. त्यानंतर हमखास येणारा प्रश्न असा : डोक्यावर बोजा घेऊन फलाटावर तासभर ताटकळलेल्या हमालाचं कार्य पुस्तक शून्य म्हणतं, हा कुठला न्याय? इथे न्यायनिवाडा नाहीच, हिशेब आहे आणि तो यंत्रांच्या दुनियेतून आला आहे. खाणीतलं पाणी उपसणारं वाफेचं इंजिन किती कामाचं, हे ठरवताना किती वजन किती उंच चढलं एवढंच पाहत. पुढे १८२९ साली कोरिओलिस या फ्रेंच गणितीने बल आणि बलाच्या दिशेने झालेलं विस्थापन यांच्या गुणाकाराला ‘कार्य’ हे नाव दिलं. त्यात घामाला रकाना नव्हता.

पाणी उपसायचंच आहे, तर आपली मोट घेऊ. विहिरीवर चाक, चाकावरून नाडा, नाड्याच्या एका टोकाला मोट आणि दुसऱ्या टोकाला बैलजोडी. बैल धावेवरून चालू लागले की मोट वर येते आणि पाणी थारोळ्यात पडतं. धरा, भरलेली मोट १०० किलोची आणि पाणी १० मीटर खोल. मोटेचं वजन ९८० न्यूटन, गुणिले १० मीटर, म्हणजे ९,८०० ज्यूल. (१०० ग्रॅम शेंगदाण्यांची पुडी मीटरभर उचलली की साधारण एक ज्यूल होतो.) चाक एकच, त्यामुळे बैलांनाही १० मीटरच चालावं लागतं. चाक फक्त ओढीची दिशा वळवतं.

आता मोट अर्ध्यावर आली असताना बैल थांबवले. नाडा तसाच ताठ, जू मानेवर तसंच रुतलेलं. पण विस्थापन नाही, म्हणून कार्य शून्य. बैल मात्र दमतात, कारण ओढ धरून ठेवायला स्नायूंचे तंतू आत सतत आखडतात, सैल होतात आणि त्यात खर्ची पडलेली ऊर्जा उष्णता होऊन जाते. नाडा खुंटीला बांधला असता तर खुंटीनेही तेवढंच बल लावलं असतं, तेही वैरण न खाता!

खरी गंमत धावेत आहे. ती सपाट का नाही, उतरती का? बैलजोडी ८०० किलोची आणि १० मीटर चालताना ती १ मीटर खाली येते असं समजा. म्हणजे बैलांच्या स्वतःच्या वजनातूनच ७,८४० ज्यूल मिळाले. घर्षण सोडलं तर पायांच्या जोरावर उरले जेमतेम १,९६० ज्यूल. फुकट? छे. मोट रिकामी झाल्यावर बैल उलट्या पावलांनी धाव चढतात, तेव्हा तेच ७,८४० ज्यूल त्यांना भरावे लागतात. बचत एका ज्यूलचीही नाही. पण भरल्या मोटेचा भार एका दमात न पडता दोन हप्त्यांत विभागला जातो. ज्याने पहिली उतरती धाव बांधली, त्याला मी पक्का इंजिनिअर म्हणतो.

पुढच्या आठवड्यासाठी एक काम. घरच्या जिन्याच्या एका पायरीची उंची मीटरमध्ये मोजा, तिला पायऱ्यांच्या संख्येने गुणा, मग आपल्या किलोतल्या वजनाने आणि ९.८ ने. येतील ते ज्यूल लिहून ठेवा. जिना चढायला किती सेकंद लागले तेही शेजारी लिहा, पुढच्या लेखात तो आकडा लागणार आहे.