हेडफोन आधी, अँप्लिफायर मग

अलिबाग, रेवदंडा, मुरूड या पट्ट्यात ‘अँप्लिफायर’ म्हटलं की डोळ्यांसमोर मांडवातला काळा खोका येतो. नारळी पौर्णिमा असो, होळी असो की गावदेवीची पालखी, बेंजो सुरू झाला की तोच खोका भोंग्यांना आणि माणसाएवढ्या स्पीकरांना पोसतो. त्याची भाषा वॅटची. दोनशे, पाचशे, हजार. त्यामुळे हेडफोनवर गाणं ऐकायलाही अँप्लिफायर लागतो असं कुणी सांगितलं, तर इथला माणूस आधी विचारणार, “किती वॅटचा?”

एक मिलिवॅट पुष्कळ झाला. म्हणजे वॅटचा हजारावा भाग. मांडवातल्या पाचशे वॅटच्या अँप्लिफायरमधून असे पाच लाख वाटे निघतील.

हा हिशेब घरबसल्या करता येतो. हेडफोनच्या खोक्यावर बारीक अक्षरांत दोन आकडे छापलेले असतात आणि गिऱ्हाईक नेमके तेच वाचत नाही. पहिला आकडा सेन्सिटिव्हिटीचा. एक मिलिवॅट दिला तर किती डेसिबल आवाज निघेल, ते तो सांगतो. समजा तो १०० आहे. निवांत ऐकताना कानाला ७५-८० डेसिबल पुरतात, आणि ८० डेसिबलसाठी या हेडफोनला लागतो मिलिवॅटचा शंभरावा भाग. समेवर तबल्याची थाप पडते किंवा गायक तार सप्तकात जातो, तेव्हा आवाज क्षणभर आणखी वीस डेसिबलनं उसळतो. त्या उसळीसाठी पूर्ण एक मिलिवॅट. दर दहा डेसिबलला वीज दसपट लागते, एवढं एक सूत्र लक्षात ठेवलं की पुढचं गणित तोंडी होतं.

दुसरा आकडा इम्पिडन्सचा, ओहममधला. विजेच्या वाटेत हेडफोन किती अडथळा आणतो, ते यावरून कळतं. फोनच्या टाइप-सी भोकात बसणारा आणि हेडफोनचा जॅक जोडून देणारा तो बोटभर अ‍ॅडाप्टर घ्या. साध्या चांगल्या अ‍ॅडाप्टरमधून सुमारे एक व्होल्ट मिळतो. ३२ ओहमच्या हेडफोनमध्ये त्यातून ३१ मिलिवॅट उतरतात, ३०० ओहमच्या हेडफोनमध्ये जेमतेम ३.३. दोन्हींची सेन्सिटिव्हिटी १०० धरली, तर पहिला ११५ डेसिबलपर्यंत जाईल आणि दुसरा १०५ पर्यंत. गरज होती शंभराची. थोडक्यात, ‘तीनशे ओहम म्हणजे मोठा अँप्लिफायर लागणारच’ हे जे सरसकट सांगितलं जातं, त्यात तथ्य कमी आणि दुकानदारी जास्त असते.

अँप्लिफायर लागतोच असे हेडफोनही आहेत. हायफायमॅन कंपनीच्या एचई-६ या मॉडेलची सेन्सिटिव्हिटी अवघी ८३.५ आहे. त्याला १०५ डेसिबलपर्यंत चढवायला सुमारे १४० मिलिवॅट लागतात. तिथे अ‍ॅडाप्टर हात टेकतो. पण बजेट सांभाळणारा माणूस त्या वाटेला जातच नाही.

पैसा घालायचा तो हेडफोनमध्ये. हेडफोन म्हणजे मुळात एक चुंबक, त्याच्या फटीत तरंगणारं तारेचं वेटोळं आणि वेटोळ्याला चिकटलेला पातळ पडदा. आणि चुंबकाचा विषय निघाला की अलिबागला मान द्यावा लागतो. किनाऱ्यालगतची इथली चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये सुरू झाली, तीच मुळी विजेच्या धास्तीनं. मुंबईत कुलाब्याला पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं आधीपासून चालत होती. पण शहरात विजेची ट्राम येणार असं ठरलं आणि तिच्या प्रवाहानं नाजूक सुया हलतील हे शास्त्रज्ञांनी ओळखलं. नानाभाई फ्रामजी मूस यांच्या देखरेखीखाली वेधशाळा खाडीपलीकडे आली. १९०६ पर्यंत दोन्हीकडे नोंदी घेऊन आकडे जुळवले गेले आणि १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली. तारेतून वीज वाहिली की तिच्याभोवती चुंबकत्व तयार होतं. ज्या गोष्टीनं वेधशाळेला हुसकावलं, त्याच गोष्टीवर हेडफोन बोलतो. गाण्याप्रमाणे कमीजास्त होणारी वीज वेटोळ्यातून जाते, चुंबक त्याला ढकलतो, ओढतो, पडदा थरथरतो. हेडफोनच्या फटीतलं चुंबकत्व पृथ्वीच्या चुंबकत्वाहून हजारो पटींनी तीव्र असतं. १९८०च्या दशकात निओडिमियमचे चुंबक आले आणि एवढी ताकद नखाएवढ्या चकतीत मावू लागली. आज दोन हजारांच्या इअरफोनमध्येही तोच चुंबक असतो. स्वस्त माल ऐकण्याजोगा झाला, त्याचं हे एक मोठं कारण.

आता घेताना पाहायचं काय? पहिला प्रश्न बंद की उघडा. बंद हेडफोनच्या कपाला मागून झाकण असतं. उघड्याला मागे जाळी असते. हवा खेळती राहते, आवाज डोक्याच्या थोडा बाहेर पसरल्यासारखा वाटतो. १९६८ मध्ये जर्मनीच्या सेनहायझरनं एचडी ४१४ काढून उघड्या हेडफोनची चाल पाडली आणि जाणकारांची पसंती आजही बहुधा उघड्यालाच असते. पण जाणकारांची खोली आणि नागाव-चौलमधलं वाडीतलं घर यांत फरक आहे. इथे डोक्यावर पंखा गरगरतो, वाडीत पंप चालू असतो, आणि जूनपासून पडवीच्या पत्र्यावर पाऊस असा कोसळतो की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. उघडा हेडफोन हे सगळं आत घेतो. मग माणूस आवाज वाढवतो, आणखी वाढवतो, आणि शेवटी ऐकतो ते पाऊस अधिक गाणं. पावसाळ्यातही ऐकणाऱ्यानं बंद हेडफोन घ्यावा. ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम२०एक्स हा ४७ ओहमचा आणि सोनीचा एमडीआर-७५०६ हा ६३ ओहमचा, दोन्ही बंद आणि स्टुडिओत रुळलेले. दुसरा तर १९९१ पासून बाजारात टिकून आहे. रात्री सामसूम झाल्यावरच ऐकणारा असेल, तर उघड्यासारखं सुख नाही. १९८४ पासून जवळपास त्याच रूपात निघणारा कॉसचा पोर्टा प्रो दिसायला खेळण्यासारखा आहे, पण वजनाला हलका आणि गाण्याला इमानी.

कानात खोचायच्या इअरफोनमध्ये याहून कमी पैशात याहून स्वच्छ आवाज मिळतो, हे कबूल करायला हवं. अडचण आवाजाची नाही, हवेची आहे. उष्ण, दमट हवेत कानात बुरशी धरण्याचं प्रमाण जास्त असतं आणि रबरी बोंडानं कान तासन्‌तास बंद ठेवणं म्हणजे तिला आमंत्रणच. ज्याचे कान पावसाळ्यात खाजतात, त्यानं मोठ्या कपाचा हेडफोनच पाहावा.

किनाऱ्यावर खरेदीइतकीच सांभाळण्याचीही बाब असते. बंद हेडफोनच्या गादीवरचं काळं रेक्झिन दोन-तीन पावसाळ्यांत सुटायला लागतं. आधी कडेला सुरकुती, मग पापुद्रे, मग एक दिवस हेडफोन काढल्यावर गालावर काळे कण. दमटपणानं त्यातल्या पॉलियुरेथेनचे रासायनिक दुवेच तुटतात. पुसून, तेल लावून उपयोग होत नाही. म्हणून गाद्या सुट्या मिळतात का, हे घेतानाच विचारावं. मखमली गादी सोलत नाही, पण घाम आणि ओल धरते, तिला अधूनमधून वारा दाखवावा लागतो. खाऱ्या वाऱ्याचा दुसरा घाव जॅकवर. जॅक भोकात फिरवला की कर्रकर्र येते आणि एका कानातला आवाज मध्येच जातो, तेव्हा बहुतेक वेळा हेडफोन बिघडलेला नसतो, जॅकवर मिठाच्या हवेनं मळ चढलेला असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवला की तो बोलायला लागतो. सोनेरी मुलाम्यानं गाणं गोड होत नाही, जाहिरात काहीही म्हणो. पण सोन्याला गंज चढत नाही, आणि समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्यासाठी मुलाम्याचे चार पैसे जास्त मोजायला तेवढं कारण पुरेसं आहे. रात्री हेडफोन खुंटीवर टांगण्यापेक्षा पापडाच्या हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवणं बरं.

ब्लूटूथ हेडफोनला वेगळा अँप्लिफायर लावू का, असंही पुष्कळ जण विचारतात. त्याचा अँप्लिफायर त्याच्या पोटातच असतो. बाहेरून लावण्याचा प्रश्नच येत नाही.

तारेच्या हेडफोनला मात्र तो कधीकधी खरंच लागतो. ओळखायचं कसं? फोनचा आवाज पूर्ण चढवूनही गाणं दबलेलं वाटलं, तर. किंवा ज्यातून ऐकतो त्या यंत्राचा जॅकच वाईट असेल, तर. जुन्या घरांत वडिलांच्या हौसेचा स्टिरिओ अँप्लिफायर अजून असतो आणि त्याला हेडफोनचं भोकही असतं. त्यात हेडफोन लावावा तर ढोलकी फुगलेली, घुमणारी ऐकू येते. दोष ढोलकीचा नाही. त्या काळच्या बऱ्याच यंत्रांत स्पीकरची वीज मोठ्या रोधातून हेडफोनकडे वळवत. एका आंतरराष्ट्रीय मानकात तर यासाठी १२० ओहम सांगितले होते. हेडफोनचा इम्पिडन्स सगळ्या सुरांना सारखा नसतो, खर्जात तो बहुधा चढतो, आणि वाटेत एवढा रोध असला की खर्जाच्या वाट्याला जास्त वीज येते. जाणकारांचा ठोकताळा असा की यंत्राचा अंतर्गत रोध हेडफोनच्या इम्पिडन्सच्या आठव्या भागाहून कमी असावा. ३२ ओहमला चार. बोटभर अ‍ॅडाप्टर ही अट सहज पाळतो, वडिलांचा भारदस्त स्टिरिओ पाळत नाही.

स्वस्त अँप्लिफायरच्या जगात एक अनामिक माणूस होऊन गेला. २०११ मध्ये ‘एनडब्ल्यूएव्हीगाय’ या टोपणनावानं लिहिणाऱ्या कुणीतरी ‘ऑब्जेक्टिव्ह २’ नावाच्या हेडफोन अँप्लिफायरचा सगळा आराखडा फुकट जाहीर केला. सुटे भाग साधे, नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांवरही चालेल अशी रचना, आणि मोजमापं अशी की महागड्या यंत्रांनी मान खाली घालावी. २०१२ मध्ये तो लिहिता लिहिता गप्प झाला. तो कोण होता, हे जाहीर झालं नाही. आराखडा मात्र राहिला. हातात सोल्डरिंगची सवय असलेल्याला ते भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर शोधून आजही तो बांधता येईल.

बॅटरीचा मुद्दा रायगडात हौसेचा नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूनं जमिनीवर आलं, विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. एरवीही पावसाळ्यात लाईट जाते आणि घर इन्व्हर्टरवर जातं. स्वस्त इन्व्हर्टरची वीज गुळगुळीत नसते. भिंतीच्या पिनवर चालणाऱ्या अँप्लिफायरमधून ती गुर्रर्र करत कानात उतरते. फोन आणि अ‍ॅडाप्टरच्या जोडीला ही गुरगुर माहीत नाही.

घेण्यापूर्वी ऐकून पाहावं, आणि आपलंच गाणं ऐकावं. दुकानातल्या नमुन्याच्या गाण्यात धमधम असते, तिला भुलू नये. तंबोऱ्याची जवारी ही फार कडक परीक्षा आहे. चांगल्या हेडफोनवर चारही तारा वेगळ्या कळतात आणि त्यांच्यावर तो बारीक सोनेरी झंकार तरंगत राहतो. खर्ज फुगवलेल्या हेडफोनवर त्याचा नुसता गुंजारव होतो. पुढे डग्गा ऐकावा. त्याचा घुमारा तळव्याच्या दाबानं वरखाली सरकतो, ते सरकणं ऐकू आलं पाहिजे, नुसती थप नव्हे. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या गीतरामायणाच्या काळातली ध्वनिमुद्रणं मोनो असत, दोन्ही कानांत एकच आवाज. हेडफोनवर अशा वेळी गायक कपाळाच्या मधोमध बसलेला वाटतो. वाटलंच पाहिजे. तो डावीउजवीकडे झुकला, तर हेडफोनची एक बाजू कमजोर आहे असं समजून तो परत करावा.

कानाचा हिशेबही याच डेसिबलमध्ये होतो. जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्यांसाठी ८० डेसिबलची मर्यादा आठवड्याला ४० तास ठेवली आहे, मुलांसाठी ती ७५ डेसिबल. दर तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मा करायचा. ८९ डेसिबलवर उरतात पाच तास. पत्र्यावरच्या पावसाला हरवण्यासाठी वाढवलेला आवाज तिथपर्यंत सहज जातो, बंद हेडफोन घ्यायचं ते आणखी एक कारण.

सहा हजार रुपये हातात असतील, तर साडेचार-पाच हेडफोनला द्यावेत, हजारभर अ‍ॅडाप्टरला, उरलेल्यात सुट्या गाद्या आणि डबा. अँप्लिफायरचा विचार वर्षभरानंतर, तोही वरचं गणित मांडून. ऐकून घ्यायला मुंबईला जायचं, तर फोन आणि अ‍ॅडाप्टर सोबत न्यावा. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात. तेव्हा मांडव्याहून भाऊच्या धक्क्याची रो-रो धरावी, आणि तिचंही त्या दिवशीचं वेळापत्रक निघण्याआधी पाहून घ्यावं.