दुर्गंधीवर जगणारे जीव

ओहोटीच्या वेळी पनवेलच्या खाडीकाठी उभे राहा. सडक्या अंड्यासारखा दर्प येतो आणि हात आपोआप रुमालाकडे जातो. हा दर्प गंधकाच्या संयुगांचा. खारफुटीची पाने, शेवाळ, मासळी, साऱ्यांच्या देहात गंधक असतो. ती चिखलात हवेवाचून कुजली, की हायड्रोजन सल्फाइड, डायमिथिल सल्फाइड असे वायू सुटतात.

पण वाचकहो, आपल्याला असह्य होणारे हे वायू कुणाचे तरी पक्वान्न आहे! अशा चिखलाच्या वरच्या, उजेड पोचेल तेवढ्याच पातळ थरात जांभळे जंतू राहतात. झाडे उन्हाच्या बळावर पाणी फोडून प्राणवायू सोडतात. हे जंतू पाण्याऐवजी हायड्रोजन सल्फाइड वापरतात आणि गंधकाचे कण साठवतात. व्हान नील यांनी १९३१ साली ही किमया उलगडली. हेच जंतू डायमिथिल सल्फाइडचे निर्गंध डायमिथिल सल्फॉक्साइड करतात, हे १९८७ साली प्रसिद्ध झाले.

खाडीवर भराव पडला, की ऊन गेले आणि हे जंतूही गेले. घरचा केर नेणाऱ्याला आपण दिवाळीत पोस्त देतो. खाडीच्या या सफाईवाल्यांची मागणी त्याहून थोडी: त्यांचा चिखल आणि त्यावरचे ऊन.