आपत्तीनंतरचे स्टेडियम : डागडुजी की पाडकाम?

भूकंप किंवा त्सुनामीत मोडलेले स्टेडियम पुन्हा उभारायचे की पाडायचे, हे ठरवताना तीन गोष्टी तपासाव्या लागतात : पायाखालची जमीन, दुरुस्तीचा खर्च आणि शहराची गरज. क्रिकेटच्या दोन मैदानांची उदाहरणे बोलकी आहेत.

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत श्रीलंकेतील गॉलचे मैदान पाण्याखाली गेले. शेजारचा ऐतिहासिक किल्ला जागतिक वारसास्थळ असल्याने नव्या बांधकामावर वाद झाला. तरीही मैदान त्याच जागी उभे राहिले आणि डिसेंबर २००७ मध्ये इंग्लंडविरुद्धच्या कसोटीने पुन्हा खुले झाले. उद्ध्वस्त शहराला यातून मोठा धीर मिळाला.

न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्चच्या लँकेस्टर पार्कवर १९३० मध्ये त्या देशाची पहिली कसोटी झाली होती. २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपात तिथल्या ओल्या, वाळूमिश्रित जमिनीचे द्रवीकरण झाले. जोरदार हादऱ्यांनी अशी माती पातळ होते आणि भार पेलू शकत नाही. प्रेक्षागृहांचे नुकसान इतके मोठे होते की दुरुस्ती परवडणारी नव्हती. २०१७ मध्ये नगर परिषदेने पाडकामाचा निर्णय घेतला. क्रिकेट हॅगली ओव्हलवर गेले, स्मारक प्रवेशद्वार जपले गेले आणि मोकळी झालेली जागा स्थानिक खेळाडूंसाठी राखली गेली.

आठवणींचा मान राखायलाच हवा. परंतु जमीन भरवशाची नसेल, तर प्रेक्षकांच्या जिवापेक्षा जुनी वास्तू मोठी ठरू नये.