दानाची नोंद आणि नोंदीचे वाचन

संस्थेची स्मरणिका हाती आली की आपण सर्वप्रथम कोणते पान उघडतो? खरे सांगायचे तर अध्यक्षांचे मनोगत नव्हे आणि आमच्यासारख्यांचे लेखही नव्हेत. आपण उघडतो देणगीदारांच्या यादीचे पान. त्यात आपले नाव, वडिलांचे नाव, वाडीतल्या माणसाचे नाव शोधतो. नाव सापडले की समाधान वाटते, आणि राहून गेले असेल तर मनात कुठेतरी खुपते.

काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या कार्यक्रमात आम्ही पाहिलेला प्रसंग येथे सांगावासा वाटतो. मुंबईहून आलेले एक वृद्ध निवृत्त गिरणी कामगार यादीत आपले नाव शोधत होते. खिशातून त्यांनी तीन जुन्या पावत्या काढल्या. घड्या पडून त्यांची शाई पुसट झाली होती. यादीत मात्र नाव नव्हते. कार्यकर्त्यांनी दिलगिरी व्यक्त केली, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "पैशाचा काय नाय, पण दिलंय ता खंय तरी लिवलेला होया ना?" पुढे त्या संस्थेला त्यांची देणगी आली नाही. रागावून आली नाही असे नव्हे. त्यांच्याकडे पुन्हा कोणी गेलेच नाही, कारण संस्थेच्या लेखी ते दाते नव्हतेच!

आमची नोकरी बँकेत, हुद्दा लिपिकाचा. रोज लोकांच्या पैशांच्या नोंदी करणे हेच आमचे काम. त्या अनुभवावरून वाटते की, आपल्या संस्थांमध्ये पैसे सांभाळणारा खजिनदार असतो, आवाहन करणारा सचिव असतो, पण झालेल्या नोंदी वाचणारा माणूस नसतो. प्रस्तुत लेख त्या तिसऱ्या माणसाविषयी आहे.

हे काम नवे नाही

परदेशात अशा माणसास डेटा ॲनालिस्ट म्हणतात. आपण त्याला माहिती-विश्लेषक म्हणू. कोणी दिले, केव्हा दिले, कशासाठी दिले, पुन्हा दिले की नाही, हे नोंदींवरून शोधून संस्थेला सांगणे हे त्याचे काम. नाव नवे असले तरी काम आपल्या परंपरेला परके नाही.

बी.ए.ला आमचा विषय इतिहास होता. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतील, म्हणजेच पांडवलेण्यांतील, दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील लेख आहे. त्याने भिक्षुसंघासाठी ३,००० कार्षापणांची कायम ठेव ठेवली. त्यांपैकी २,००० गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा १ दराने आणि १,००० दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत घ्यायचे नाही, केवळ व्याज वापरायचे. २,००० च्या व्याजातून वर्षावासातील वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यायचे. बँकवाल्याच्या सवयीने आम्ही हिशेब करून पाहिला. २,००० वर महिना २० म्हणजे वर्षाचे २४०, आणि वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ म्हणजेही २४०. हिशेब तंतोतंत जुळतो. हा सारा व्यवहार निगमसभेत ऐकवून फलकावर नोंदवल्याचेही त्या लेखात म्हटले आहे. दाता, रक्कम, दर, हेतू आणि नोंद या पाचही गोष्टी त्यात आल्या.

त्याहून जुनी गोष्ट विनयपिटकातील महावग्गात आहे. लोक चीवरे घेऊन विहारात येत, पण स्वीकारणारा भेटला नाही की परत नेत. तेव्हा भगवान बुद्धांनी चीवरे स्वीकारणारा नेमण्याची अनुज्ञा दिली. पुढे स्वीकारलेली चीवरे तशीच टाकली जाऊन नष्ट होऊ लागली, म्हणून ती ठेवणारा आणि कोठार सांभाळणारा भांडागारिक नेमला गेला. या माणसांच्या अंगी पाच गुण हवेत असे तेथे सांगितले आहे. त्याने लोभाने, द्वेषाने, मोहाने किंवा भीतीने वाट चुकू नये, आणि काय आले, काय आले नाही, काय ठेवले, काय ठेवले नाही, हे त्याला कळावे. या पाच गुणांकडे आपण शेवटी पुन्हा वळू.

मोठी देणगी आणि चालू वर्गणी

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या सार्वजनिक जीवनात पैशाची अडचण पावलोपावली दिसते. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले, तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी २,५०० रुपयांचे साहाय्य दिले. त्या काळी ही रक्कम मोठी होती. तरीही पुरेशा वर्गणीदारांच्या अभावी व इतर अडचणींमुळे ते पत्र १९२३ मध्ये बंद पडले. ३ एप्रिल १९२७ रोजी सुरू झालेले 'बहिष्कृत भारत'ही आर्थिक ओढाताणीतून १९२९ मध्ये थांबले. यातून आपण घ्यायचा बोध सरळ आहे. मोठ्या देणगीने काम सुरू होते, पण ते चालू राहते लहान लहान लोकांच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या पैशांवर.

आपल्या सिंधुदुर्गात हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरील वाड्यांतली विहारे, मुलांच्या वह्या-पुस्तकांचे फंड आणि जयंतीचे कार्यक्रम मुंबईच्या चाकरमान्यांनी उभे केले. परळ, नायगाव, डिलाईल रोड, वरळी येथील चाळींतून वर्गणी जमा होई. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला आणि नंतर गिरण्याच संपत गेल्या. ती पिढी आता थकली किंवा निवर्तली. त्यांची मुले-नातवंडे कल्याण, बदलापूर, विरार, पुणे येथे विखुरली. त्यांच्यात देण्याची इच्छा नाही, असे आम्हांस वाटत नाही. त्यांचा पत्ताच आपल्या वहीत नाही. जुनी वही आजोबांच्या नावाने थांबली आणि नातवाच्या नावाने नवे पान उघडले गेले नाही.

नोंदी कशा वाचाव्यात?

प्रथम एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका वर्षी १०० जणांनी प्रत्येकी ५०० रुपये दिले. दर वर्षी त्यांतील शंभरात ४० जणच पुन्हा देत असतील, तर दुसऱ्या वर्षी ४० आणि तिसऱ्या वर्षी १६ उरतात. तीन वर्षांत मिळून ७८,००० रुपये येतात. तेच शंभरात ७० टिकले, तर दुसऱ्या वर्षी ७० आणि तिसऱ्या वर्षी ४९ राहतात, आणि एकूण १,०९,५०० रुपये होतात. एकही नवा दाता न शोधता ३१,५०० रुपये जास्त! आपण मात्र दर वर्षी नवी पावती-पुस्तके छापून नव्या लोकांच्या दारात जातो आणि गेल्या वर्षी दिलेल्यांना आभाराचे दोन शब्दही कळवत नाही. म्हणून विश्लेषकाने सर्वप्रथम काढायचा आकडा म्हणजे गतवर्षीच्या दात्यांपैकी यंदा किती जणांनी पुन्हा दिले.

दुसरी गोष्ट सरासरीची. नऊ जणांनी प्रत्येकी २०० आणि एकाने २०,००० दिले, तर एकूण २१,८०० होतात आणि सरासरी २,१८० येते. पण एवढी रक्कम देणारा दहांत एकही नाही! शालेय गणितातील मध्यक येथे उपयोगी पडतो. तो २०० आहे आणि तोच खरे चित्र सांगतो. सरासरीवर विसंबून समितीने "प्रत्येकी किमान २,००० द्यावेत" असे आवाहन केले, तर नऊ जण संकोचाने दूर होतील.

तिसरी गोष्ट नावांची. आपल्याकडे एका गावात एकाच आडनावाची दहा घरे असतात. पावतीवर केवळ "कदम" किंवा "जाधव" लिहिले, तर दहा माणसांचा एक दाता होतो. उलट एकच माणूस एकदा पूर्ण नावाने, एकदा आद्याक्षरांनी आणि एकदा मुलाच्या मोबाईलवरून देतो आणि वहीत तीन दाते होतात. यावर उपाय म्हणजे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, गाव, वाडी, सध्याचा पत्ता आणि दूरध्वनी यांची एकच ठरलेली चौकट, व प्रत्येक घराला एक क्रमांक. यूपीआय व्यवहार २०१६ पासून सुरू झाले. तेव्हापासून पैसे क्षणात येतात, पण देणाऱ्याचे गाव व हेतू त्याबरोबर येत नाहीत. ते त्याच दिवशी विचारून लिहावे लागतात.

चौथी गोष्ट संगणकाची. नव्वदच्या दशकात व त्यानंतरही अनेक स्मरणिकांच्या याद्या श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकित झाल्या. त्या दुसऱ्या यंत्रावर उघडल्या की निरर्थक अक्षरे दिसतात, आणि त्यांत नाव शोधताही येत नाही. त्या युनिकोडमध्ये आणणे हे विद्यार्थ्यांनी सुट्टीत हाती घेण्याजोगे काम आहे. जुन्या स्मरणिका म्हणजे आपल्या दात्यांचा इतिहास होय.

कायदा आणि विश्वास

आपल्या संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली व १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या असतात. धर्मादाय आयुक्तांकडे ताळेबंद अनुसूची आठच्या व उत्पन्न-खर्चपत्रक अनुसूची नऊच्या नमुन्यात जाते. त्याशिवाय १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ८०-जी ची सवलत ज्या संस्थेस मिळाली, तिला २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून प्रत्येक दात्याचे नाव, पत्ता, ओळखक्रमांक व रक्कम आयकर खात्यास कळवणे आणि दात्यास प्रमाणपत्र देणे बंधनकारक झाले. २,००० रुपयांवरील रोख देणगीला ती सवलत मिळत नाही. २०२५ चा नवा आयकर कायदा लागू होण्याची तारीख १ एप्रिल २०२६ ही आहे. त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, म्हणून प्रत्येक संस्थेने आपल्या सनदी लेखापालाकडून खात्री करून घ्यावी. थोडक्यात, दात्याची नीट नोंद ठेवणे ही आता केवळ सौजन्याची बाब राहिलेली नाही.

त्याचबरोबर ही माहिती दात्याची आहे, आपली नव्हे. कोणी किती दिले याची यादी व्हॉट्सॲपवर फिरवणे किंवा दात्यांचे क्रमांक निवडणुकीच्या उमेदवारास देणे हा विश्वासघात आहे. २०२३ मध्ये संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला, तो याच जाणिवेतून. यादीत नाव छापण्यापूर्वी विचारावे. काहींना नाव हवे असते, काहींना नको असते. दोन्ही इच्छा सारख्याच मानाच्या आहेत.

शिक्षण आणि भेटीगाठी

इंग्लंडमध्ये निधी-संकलकांची संस्था १९८३ मध्ये स्थापन झाली आणि २०२० मध्ये तिला राजसनद मिळाली. नोंदींचे संशोधन व विश्लेषण करणाऱ्यांचा तिच्यात निराळा गट आहे. अमेरिकेतही 'अप्रा' नावाची अशाच लोकांची संघटना असून तिने सभासदांसाठी नीतिनियम घालून दिले आहेत. ही मंडळी एकत्र का येतात? कारण प्रत्येक संस्थेत असे काम करणारा बहुधा एकटाच असतो. त्याची चूक दाखवणारा आणि त्याला नवी रीत शिकवणारा शेजारी बसलेला नसतो.

आपल्याकडे मुंबईत १९३६ पासून टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत समाजकार्याचे रीतसर शिक्षण सुरू झाले. १९८६ मध्ये स्थापन झालेले सेंटर फॉर ॲडव्हान्समेंट ऑफ फिलान्थ्रॉपी धर्मादाय संस्थांना कायदा व व्यवस्थापनाबाबत मार्गदर्शन करते. परंतु वाडीतल्या संस्थेचा हिशेबनीस मुंबईस केव्हा जाणार? म्हणून आमची सूचना अशी की, जिल्ह्यातील संस्थांच्या हिशेबनिसांनी वर्षातून दोनदा कुडाळ किंवा कणकवलीस एक दिवस जमावे. मुंबई शाखांचेही एक-दोघे बोलवावेत. दात्यांची नावे कोणी कोणास दाखवू नयेत. केवळ रीती व अडचणी सांगाव्यात. सर्वांनी मिळून नोंदवहीचा एकच नमुना ठरवावा. बँकेतील, पोस्टातील, शाळेतील निवृत्त मंडळींनी शिकवावे, आणि एमएस-सीआयटी झालेल्या मुला-मुलींनी ज्येष्ठांना संगणक शिकवावा.

विद्यार्थी मित्रांनो, यासाठी फार मोठी पदवी लागत नाही. बेरीज, टक्केवारी, मध्यक, तक्ता मांडणे आणि माणसाशी आदराने बोलणे एवढ्यावर आरंभ होतो. आज संस्थेसाठी शिकलेले हे काम उद्या नोकरीतही उपयोगी पडेल.

आता ते पाच गुण. आपल्या नात्यातल्यांची नावे आधी आणि मोठ्या अक्षरांत छापली, तर तो लोभ. दुसऱ्या गटाच्या वाडीची वर्गणी नोंदवायची "राहिली", तर तो द्वेष. दोन-चार आकड्यांवरून मोठे अनुमान काढले, तर तो मोह. दाते घटत आहेत हे दिसूनही अध्यक्षांना वाईट वाटेल म्हणून सांगितले नाही, तर ती भीती. हे चारही टाळून काय आले आणि काय आले नाही, हे जो जाणतो, तो खरा हिशेबनीस.

ही स्मरणिका वाचून झाल्यावर प्रत्येक संस्थेच्या कार्यकर्त्यांनी एक काम करावे. मागील तीन वर्षांची पावती-पुस्तके काढून ज्यांनी एकदाच दिले आणि ज्यांच्याकडे पुन्हा कोणी गेले नाही, त्यांची यादी करावी. पैसे मागण्यासाठी नव्हे, तर त्यांच्या पैशांतून काय झाले हे सांगण्यासाठी त्यांना दोन ओळींचे पत्र लिहावे. त्या वृद्ध कामगारासारखे कोणीतरी अशा पत्राची वाट पाहत असेल.